तेरावी चकती

१४ जून २०२५, शनिवार

मंजूर झालं! इंदूरच्या सिंक्रोट्रॉनवर तीन दिवस, सोळा ते अठरा जुलै. पत्र दुपारी आलं आणि मी ते चारदा वाचलं. कर्जतच्या कॉलेजला असलं काही मिळत नसतं. मला मिळालं.

स्टाफरूममध्ये सांगितलं, ही चूक. प्राचार्यांनी विचारलं, "ते मशीन आपल्याकडे आणता येईल का? तपासणी समिती येते तेव्हा दाखवायला बरं." म्हटलं, पावणेदोनशे मीटर घेराचं कडं आहे, त्यात इलेक्ट्रॉन गरागरा फिरतात आणि वळताना क्ष-किरण सांडतात. कँटीन पाडावं लागेल. तर ते खरंच विचारात पडले. हेडक्लार्क जगदीश म्हणाला, "मॅडम, क्ष-किरण म्हणजे एक्सरेच ना? ते तर आपल्या नाक्यावर पण काढतात." गाढवाला गुळाची चव काय!

आपल्या छपराच्या पत्र्यांचा रंग दोन पावसाळ्यांत पापुद्रे धरून निघतो, तर सगळे मिळून कंत्राटदाराला शिव्या घालतात. धातू आणि रंग जिथे भेटतात त्या सांध्यात काय घडतं हे विचारायचं एकालाही सुचत नाही. मला सुचलं. आधी नुसत्या अॅल्युमिनियमचा पृष्ठभाग पाहायचा, हवेत त्याच्यावर ऑक्साइडची साय चढते ती मोजायची, मग रंगाकडे वळायचं.

हाताखाली एकटी नंदा. ठाकर, कळंबच्या पलीकडे वाडीवर राहते, बेचाळीसची असेल. दहावी पास, नऊ वर्षं रोजंदारीवर. यंदा तिला कायम करायचा प्रस्ताव आहे. यादी तीस सप्टेंबरला संस्थेकडे जाते आणि त्यावर विभागप्रमुखाचा, म्हणजे माझा, शेरा लागतो. काचसामान बरं धुते. पण बाटल्यांवर नुसतं नाव लिहिते, तारीख टाकत नाही. आज पुन्हा सांगितलं, "नंदा, तारीख नसलेली नोंद म्हणजे अफवा." "हो बाई," म्हणाली. उद्या पुन्हा विसरेल.

२४ जून, मंगळवार

मुंबईच्या मैत्रिणीने सिलिकॉनच्या तेरा चकत्यांवर अॅल्युमिनियम चढवून दिलं. रुपयाएवढ्या चकत्या, आरशासारख्या.

त्या न्यायला डबा हवा होता. मोठ्या संस्थांतले लोक असले नमुने नायट्रोजन भरलेल्या परदेशी डब्यांतून नेतात. यांच्या डब्यात नायट्रोजन आणि डोक्यात हवा. मी चौक गावी किरणच्या गॅरेजमधून लोखंडी डबा करून घेतला. आत खाचा तेरा सांगितल्या होत्या, त्याने बाराच केल्या.

"तेरा सांगितल्या होत्या, किरण."

"बाई, डझनात माप बसतंय बगा. तेरा कोन करतंय? एक खिशात ठेवा की."

उंटावरचे शहाणे जागोजाग. डबा मात्र भक्कम आहे. झाकण लावलं की मुंगी शिरायची नाही. बिजागरी तेवढी करकरते.

३ जुलै, गुरुवार

नंदाने आज चकत्या धुतल्या. आधी अॅसिटोन, मग अल्कोहोल, मग तीनदा शुद्ध पाणी. मी स्टुलावर बसून पाहत होते, कारण पाहिलं नाही की लोक काम उरकतात. तिने पदर नाकातोंडावर बांधला होता, श्वास लागू नये म्हणून. हे मी शिकवलं नव्हतं, कुठे पाहिलं कोण जाणे. चकती चिमट्याने कडेला धरते, मध्ये कध्धी नाही. बारा डब्यात गेल्या. तेरावी तिने घासलेल्या बुचाच्या काचेच्या बरणीत ठेवली.

"बाई, हिला पन न्या. धुतलीये, वाया कशाला घालवायची?"

ठीक आहे म्हटलं.

डबा लावताना पाहिलं तर बिजागरीला आत्ताच तांबूस रंग चढायला लागलेला. या हवेत लोखंडाची किंमत आठ दिवस. आई आषाढ लागला की अडकित्त्याला, विळीला, कुलपांना खोबरेलाचं बोट फिरवायची. मीही बाटली आणून बिजागरीला आणि झाकणाच्या कडेला बोट फिरवलं. करकर गेली. डबा माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे.

१० जुलै, गुरुवार

कपाट उघडलं तेव्हा नंदा मागे उभी होती. म्हणाली, "बाई, डब्याला वास येतोय." मी म्हटलं, चुलीच्या धुरात राहणाऱ्या माणसाला डब्याचा वास येतो, कमाल आहे. मला काही वास आला नाही. सर्दी आहे.

१६ जुलै, बुधवार, इंदूर

पोचले. चकाचक इमारत, चकाचक माणसं. बाजूच्या यंत्रावर एका नामांकित संस्थेचा चमू आहे, पाच जण, पाचांच्या गळ्यात पाच ओळखपत्रं. त्यातल्या एकाने माझा लोखंडी डबा पाहून विचारलं, "मॅम, टिफिन?" उथळ पाण्याला खळखळाट फार.

माझ्या यंत्रावरची वैज्ञानिक प्रणिता, इथलीच, तिशीची, इंदुरी मराठी बोलते. हुशार वाटली. अजून बिघडलेली नाही.

पद्धत मी विद्यार्थ्यांना अशी सांगते. चौकच्या गॅरेजसमोर डबक्यात डिझेल सांडतं आणि त्यावर रंग खेळतात, ते पाहा. काही प्रकाश डिझेलच्या वरच्या अंगावरून परततो, काही खालच्या, आणि दोघांच्या भांडणातून रंग निघतात. रंग पाहून थर किती जाड ते सांगता येतं. इथे तेच, फक्त प्रकाशाऐवजी क्ष-किरण. एक अंशाहूनही कमी कोनात, चकतीला जेमतेम घासून जातील असे सोडायचे आणि परतणारे मोजायचे. आलेखावर लाटा उमटतात. लाटांमधल्या अंतरावरून अणूंच्या मापात थराची जाडी कळते.

१७ जुलै, गुरुवार

काय लिहू!

अॅल्युमिनियम, त्यावर ऑक्साइडची साय, हे अपेक्षितच. पण तिच्याही वर आणखी एक थर आहे! सतरा अँगस्ट्रॉम, म्हणजे केसाच्या जाडीचा चाळीस हजारावा भाग. पहिल्या चकतीवर सतरा. दुसरीवर सतरा. पाचवीवर सतरा. सगळीकडे एकसारखा, जणू कुणी शिस्तीत उभा केलेला. कुठल्याच निबंधात मी हे वाचलेलं नाही. दमट हवेत ऑक्साइड स्वतःवर हे पांघरूण ओढून घेत असणार. कर्जतचं दमट हवामान! ज्या पावसाला सगळे कावतात तो माझ्यासाठी काम करत होता.

टिफिनवाल्याला आलेख दाखवला. तो म्हणाला, "इंटरेस्टिंग." त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

१८ जुलै, शुक्रवार

बाराही झाल्या. बाराही सतरा. शेवटी वेळ उरला म्हणून बरणीतली तेरावी लावली. तिच्यावर थरच नाही. नुसती साय, वर काही नाही.

प्रणिता म्हणाली, "मॅडम, ही एकच अशी का? हिचं काही वेगळं केलं होतं का?"

म्हटलं, काही नाही, चकतीच खराब आहे. बारा विरुद्ध एक. मोजमापात एखादा नमुना दगा देतो, त्याला घेऊन बसायचं नसतं. ती म्हणाली, "वहीत तरी लिहून ठेवते." लिही बाई. नव्या माणसांना वहीचं फार.

२८ जुलै, सोमवार

फाटकावर फलक. माझा फोटो, शेजारी प्राचार्यांचा, माझ्यापेक्षा मोठा. खाली लिहिलंय, 'अणूच्या गर्भात कर्जतची झेप.' कसला गर्भ? पृष्ठभाग! ज्या गोष्टीचा मी अभ्यास केला तिचं नाव सोडून सगळं लिहिलं आहे. सत्कारात जगदीशने नारळ दिला आणि कानात विचारलं, एक्सरे नॉर्मल आला का.

नंदाने नुसतं विचारलं, "बाई, तेरावीवर काय दिसलं?" म्हटलं, ती खराब निघाली. "खराब?" म्हणाली, आणि बरणी उचलून परत मांडणीवर ठेवून आली.

११ ऑगस्ट, सोमवार

शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवला. तेरावीचा उल्लेख केला नाही. नसत्या शंकांना खतपाणी कशाला?

४ सप्टेंबर, गुरुवार

परीक्षकाचं उत्तर आलं. नाव नाही, अर्थात. नाव नसलं की धैर्य येतं. साडेतीन ओळी आहेत. 'या जाडीचा थर म्हणजे बाहेरून आलेला स्निग्ध पदार्थ असण्याची शक्यता लेखिकेने तपासलेली दिसत नाही. नमुने कुणी हाताळले, कशात ठेवले, याचा तपशील द्यावा.'

कशात ठेवले! हा माणूस कुठल्यातरी वातानुकूलित खोलीत बसून मला धुणीभांडी शिकवणार. नाचता येईना अंगण वाकडं, असे लोक परीक्षक होतात.

दुपारी चकतीवर पाण्याचा थेंब टाकून पाहिला, त्याचं तोंड बंद करायला. थेंब पसरला नाही. अळूच्या पानावर राहतो तसा टपोरा उभा राहिला. दुसरीवर टाकला, तिसरीवर टाकला. बारावर बारा टपोरे थेंब.

म्हणजे तेलच आहे.

जेवले नाही. फलक अजून फाटकावर आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

दिवसभर विचार केला. चकत्यांना हात कुणाचा लागला? माझा नाही, मी स्टुलावर होते. नंदाचा. ती केसांना तेल लावते, रोज, चोपून. आणि मी तिच्यावर विसंबले. एवढी मोठी गोष्ट एका रोजंदारीच्या बोटांनी मातीत घातली.

८ सप्टेंबर, सोमवार

नंदाला बोलावलं. दार उघडं होतं, जगदीश ऐकत होता, ऐकू दे म्हटलं.

"नंदा, चकत्यांवर तेल निघालंय."

"माज्या हाताचं नाय, बाई."

"मग कुणाच्या? धुतल्या कुणी?"

"मीच धुतल्या. हातमोजं घालून, चिमट्यानं. तुमी बसला व्हता की समोर." मग म्हणाली, "बाई, माजा हात तेलकट आसंल तर त्यो बारावर बी लागंल आन तेरावीवर बी लागंल. तेरावी बी मीच धुतली. तिच्यावर तेल का नाय?"

मला उलट प्रश्न! दहावी पास बाई मला तर्कशास्त्र शिकवणार! चोराच्या उलट्या बोंबा. म्हटलं, तेरावी खराब आहे हे तुला सांगितलंय, विषय संपला. ती म्हणाली, "विषय माजा हाय, बाई. नऊ वर्सं झाली. येवढा एक कागद हाय माजा तुमच्याकडं."

मी शेरा लिहिला. 'कामात निष्काळजी. नमुने दूषित केले. शिफारस नाही.' खाली सही, तारीख. तारीख मी विसरत नाही.

लिहिताना वाईट वाटलं. पण विज्ञानात दयामाया चालत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नंदा मंगळवारपासून आली नाही. रोजंदारीच ती, कळवायचं बंधन नाही. कळंबच्या कुठल्याशा रिसॉर्टवर लागली म्हणे, पाहुण्यांचे ग्लास धुते.

बदली माणसाने पहिल्या दिवशी दोन चंचुपात्रं फोडली आणि 'चंचुपात्र म्हणजे कुठलं?' असं विचारलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

परीक्षकाला उत्तर लिहायला घेतलं. 'नमुने एका अप्रशिक्षित साहाय्यकाने हाताळल्यामुळे' इथपर्यंत आले आणि पुढचं वाक्य काही केल्या सुचेना. पदराने तोंड बांधून उभी असलेली ती डोळ्यांसमोर येते. कागद तसाच ठेवला. थकवा असावा.

३० सप्टेंबर, मंगळवार

यादी गेली. जगदीशने मुद्दाम येऊन सांगितलं. नंदाच्या जागी त्याच्या साडूचं नाव आहे. तो काय धुणार आहे देव जाणे.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सकाळी कॉलेजात शस्त्रपूजा. प्राचार्यांनी संगणकाला हळदकुंकू वाहिलं, ते कळफलकात सांडलं. सूक्ष्मदर्शकाला झेंडूचा हार. मी हात जोडले नाहीत. विज्ञान विभागात हे चालतं, आणि मला विचारतात की या देशात संशोधन का होत नाही.

घरी भिसेगावला आले. घरात माझं मी पाटावर आईचा अडकित्ता, विळी, कात्री मांडते. श्रद्धा नाही, आई करायची म्हणून. अडकित्त्याच्या सांध्याला खोबरेलाचं बोट फिरवलं.

आणि बोट तिथेच राहिलं.

मग रिक्षा करून परत कॉलेजात गेले. पहारेकऱ्याला वाटलं मॅडमची छत्री राहिली. कपाट उघडलं. प्रयोगशाळेतलं एकूण एक लोखंड या पावसाळ्यात लाल झालंय, स्टँड, कात्र्या, खिडकीच्या कड्या. डब्याची बिजागरी तेवढी काळी कुळकुळीत. झाकण उघडून नाक आत घातलं. आता सर्दी नाही. आईच्या वेणीफणीच्या पेटीचा वास.

खोबरेल. त्यातलं लॉरिक आम्ल. बंद डब्यात, जुलैच्या उष्म्यात, तेरा दिवस. धातूच्या ऑक्साइडवर ही आम्लं चिकटून शिस्तीत उभी राहतात हे मी स्वतः दुसऱ्या वर्षाला शिकवते. बारा कार्बनची साखळी, लांबी मोजली. सतरा अँगस्ट्रॉम. मी आईच्या अडकित्त्याचं तेल मोजायला इंदूरला गेले होते.

मांडणीवर तेरावीची बरणी होती. तिच्यावर चिठ्ठी, नंदाच्या अक्षरात: 'तेरावी. धुतली ३ जुलै २०२५. बरणीत ठेवली ३ जुलै २०२५.' तारीख दोनदा. मी चकतीवर थेंब टाकला. तो सपाट पसरला. इतकी स्वच्छ चकती माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणी धुतलेली नाही.

परीक्षकाला दोन ओळी पाठवल्या. थर खोबरेलाचा आहे, डब्याला मी लावलेल्या, निबंध मागे घेते. ते सोपं होतं. त्याचं नाव मला ठाऊक नाही आणि माझं तोंड त्याला दिसत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य काय बोलले? "मॅडम, मग फलकाचं काय करायचं?" यादीबद्दल म्हणाले, ती तर गेली, आता आपल्या हातात काही नाही. मग म्हणाले, तुम्ही लेखी दिलंत तर मागाहून जोडता येईल, पण मॅडम, ते तुमच्या फाइललाही कायमचं लागेल, विचार करा. माणूस मूर्ख आहे, पण हे त्याने मला वाचवायला सांगितलं. मला तिथे बसून मूर्ख कोण हे मोजायची लाज वाटली.

पत्र लिहिलं आणि ते घेऊन कळंबला गेले. आधी तिला दाखवावं असं वाटलं. खरं लिहायचं तर, तिने 'जाऊ द्या बाई' म्हणावं असं वाटत होतं.

रिसॉर्टच्या मागच्या अंगाला मोरी. नंदा तिथे ग्लास धुत होती, एकेक उजेडाकडे धरून पाहत होती. मला पाहिलं आणि हातातला ग्लास पुरा केला, मगच उठली. मी सगळं सांगितलं. बिजागरी, तेल, अडकित्ता. ती रडेल किंवा ओरडेल अशी माझी तयारी होती.

"वास येतोय म्हनले व्हते मी," ती म्हणाली. "तुमी चुलीचं बोलला."

मी पत्र पुढे केलं. तिने आधी कोरड्या फडक्याला हात पुसले, दोन्ही बाजूंनी. सावकाश वाचलं. 'नमुन्यांच्या साठवणुकीत अनवधानाने त्रुटी राहिल्याने निष्कर्ष मागे घेण्यात येत असून, सदर कर्मचाऱ्याविषयीच्या शेऱ्याचा पुनर्विचार व्हावा.'

"ह्यात कोन हाय, बाई?"

"म्हणजे?"

"तेल कुनी लावलं? ह्यात मानूसच नाय. आपोआप झालं जनू. माज्या टायमाला बरं मानूस गावलं तुमाला."

आयुष्यभर लोकांच्या वाक्यांतल्या चुका काढल्या, आणि माझ्या वाक्यातली पळवाट हिने मोरीशी उभी राहून दाखवली. पर्समधून कोरा कागद काढला आणि उपड्या टोपल्यावर ठेवला.

"सांग, नंदा."

"लिवा. तेल मी लावलं. नंदाचा हात लागला नाय. डबा माझ्या कपाटात व्हता, किल्ली माझ्याकडं. तेरावीवर तेल नाय हे मला तितंच दिसलं व्हतं. ती मी टाकली."

व्हता-नायचं होता-नाही करून बाकी शब्दन् शब्द तसाच लिहिला. सही केली. विचारलं, परत येशील का. ती म्हणाली, "कागदाचं काय व्हतंय ते बगू आदी. कायम केलं तर येईन. रोजावर नाय यायची, बाई." हे बोलताना तिला राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

तिने कागद घेतला, दोन बोटांनी, कडेला धरून, चकती धरते तसा. वरपासून खालपर्यंत वाचला. मग माझ्याकडे परत केला.

"तारीख राह्यली, बाई."